दोनच खांब राहिलेत

जबाब देणारी: वय ३९ वर्षे, धंदा नोकरी (माती तपासणी प्रयोगशाळेत सहायक), राहणार खोदकामाच्या खड्ड्याला लागून असलेले दुमजली घर, तळमजला.

मी समक्ष ठाण्यात येऊन सांगते की, वरील घरात मी, माझे पती व सासूबाई राहतो. सासूबाईंची कंबर अधू आहे, आधाराशिवाय त्या पलंगावरून उठत नाहीत. पती परगावी आहेत, वरचे भाडेकरू कामावर. या घडीला सासूबाई घरात एकट्या आहेत, तरी जरा भराभर लिहावे ही विनंती.

खड्ड्यात नव्या इमारतीच्या पायाचे खांब हातोडा यंत्राने ठोकत आहेत. तिथली माती आमच्याच प्रयोगशाळेत तपासायला आली होती. ती चिकणमाती आहे. सूक्ष्मदर्शकाखाली तिचे कण पापुद्र्यांसारखे दिसतात, पत्त्यांच्या बंगल्यासारखे एकमेकांना टेकून उभे, आणि मधल्या पोकळीत पाणी. धक्का लागत नाही तोवर ती घर पेलते. धक्के बसत राहिले की बंगला मोडतो, अडकलेले पाणी सुटते आणि तीच माती सरबरीत होते.

हवालदारांना हे पटेना. "अहो बाई, माती ती माती," असे ते म्हणाले. म्हणून मी सोबत आणलेल्या डब्यातला त्या मातीचा नमुना टेबलावर ठेवून त्यावर ठाण्याचे पेपरवेट ठेवले. ढेकूळ जागचे हलले नाही. मग तेच ढेकूळ थेंबभर पाणी न घालता बोटांनी मळले. ते टेबलावरून ओघळून हवालदारांच्या बुटावर पडले. त्यानंतर त्यांनी चहा बाजूला ठेवला.

आज सकाळी खड्ड्याच्या तळाशी आमच्या घराच्या बाजूने ओली माती पुढे आलेली दिसली. पाऊस नाही, नळ फुटलेला नाही. आमच्या प्रयोगशाळेच्या साहेबांनी स्वतः जाऊन ठेकेदाराला काम थांबवायला सांगितले. ठेकेदार म्हणाला, "दोनच खांब राहिलेत, उरकून टाकतो." सध्या जेवणाच्या सुट्टीपुरते यंत्र बंद आहे.

मी तशीच घरी गेले तर स्वयंपाकघराचे दार लागेना. सासूबाईंच्या पलंगाशी पायपुसणे पडले होते, ते तिथे कधी नसते. उचलले तर फरशीला बोट जाईल एवढी भेग. सासूबाईंनीच काठीने पायपुसणे सरकवले होते. "तू राईचा पर्वत करशील म्हणून झाकलं," म्हणाल्या. त्यांना उचलायला गेले तर पलंगाची कड धरून बसल्या. "मला कुठं न्यायचं ते मुलगा आल्यावर बघू." आमचे फारसे पटत नाही, हे सगळी गल्ली सांगेल. पण मला फार भीती वाटते आहे.

कोणाला शिक्षा व्हावी म्हणून मी आलेले नाही. यंत्र बंद करावे आणि सासूबाईंना उचलायला दोन माणसे द्यावीत. अंगावरची वर्दी बघून त्या ऐकतील, माझे सात जन्मांत ऐकायच्या नाहीत.

वरील मजकूर मला वाचून दाखवला, तो माझ्या सांगण्याबरहुकूम आहे. बोटांना माती असल्याने सहीखाली डाग पडला आहे.

सही करताना हातोडा सुरू झाला. हवालदार गाडी काढायला पळाले, म्हणून ही ओळ माझ्या हातची आहे. सासूबाई घरातच आहेत.