गुणी पेशंट

— नाही, तोंड मिटायचं नाही काका, असंच उघडं ठेवा, मशीन दाढेजवळ आहे. तर काय सांगत होते — हां, माझ्या बडबडीचं. आमचे हे म्हणतात, तुझ्याकडे माणूस दात घेऊन येतो आणि कान किटवून जातो. खरंय. पण तुमच्यासारखा ऐकणारा मला पुन्हा कधी मिळायचा? सगळ्यांचे फॅमिली डॉक्टर तुम्ही, जन्मभर लोकांना जीभ बाहेर काढायला लावलीत, आणि आज तोंडात बोळे घेऊन माझ्यापुढे आडवे! ही संधी मी सोडते होय?

तर ती आज सकाळची मुलगी. असेल चारेक वर्षांची. नाव सांगायचं नाहीये, बजावलंय मला तसं — आणि तुम्हाला ठाऊकच आहे, माझ्या तोंडात तीळ भिजत नाही, म्हणून आधीच सांगून टाकते की सांगणार नाही. वरचा ओठ आतून फाटला म्हणून आई घेऊन आली. आता लहान मुलं माझ्याकडे कशी येतात? फरफटत येतात. हा अंगठा बघा — दिसतोय का? — हे सगळे व्रण दुधाच्या दातांचे. ही मात्र आपली आपण खुर्चीत चढली, मी सांगायच्या आत आ केला आणि पडून राहिली. इंजेक्शन दिलं, तरी हूं नाही की चूं नाही. दिवा ओढायला मी हात वर केला तेव्हा तेवढे डोळे गच्च मिटले आणि मान खांद्यात ओढून घेतली. मी काय समजले? दिवा डोळ्यांवर आला. आणि बाकी सगळं? माझ्या हाताचा गुण! एवढी शिकले, दातांची मुळं बघून सांगते माणूस रात्री दात खातो की नाही, आणि घाबरलेलं पोर ओळखता आलं नाही. उलट तिला बाहेर नेलं, सगळ्या रडव्यांसमोर उभी केली, गुणी पेशंट म्हणून फ्रॉकला चांदणी लावली — ‘बघा रे, शिका काहीतरी’ — आणि कौतुकाने तिचे केस कानामागे सारले. तिथेच माझं वाक्य अर्धं राहिलं. आमच्या लग्नातसुद्धा राहिलं नव्हतं.

— मान हलवू नका. हो, वळ होते. कानामागे. दोन्ही कानांमागे. मूल पडलं तर कपाळ फुटतं, गुडघा फुटतो, हनुवटी फुटते. दोन्ही कानांमागे एकदम कोण पडतं, काका? मी म्हटलं, जरा पुन्हा बघते हं ओठ, म्हणून आत घेतलं. आई म्हणाली सायकलवरून पडली. तेवढ्यात वडिलांचा फोन, ते म्हणाले पलंगावरून. कोणी मारलं मला ठाऊक नाही, ते शोधणं माझं कामही नाही. मग मी काय केलं? मागच्या खोलीत जाऊन हत्यारं उकळायच्या भांड्यापाशी उभी राहिले आणि स्वतःला समजावलं — चांगलं घर आहे, आजोबांना सगळे मानतात, आपला गैरसमज निघाला तर तोंड कुठे लपवशील? हे चांगलं घर, चांगलं घर मी किती वेळा म्हटलं असेल! आणि मग बालसंरक्षणवाल्या बाईंना फोन लावला. आकडे दोनदा चुकले. मला भीती वाटत होती, काका. अजून वाटतेय.

मुलगी आत्ता मोठ्या हॉस्पिटलात आहे, तपासतायत. संध्याकाळी घरी पाठवायची की नाही, ते ठरायचंय. आणि घरचे ठासून सांगतायत, याआधी तिला कधी काही लागलेलंच नाही. आई मात्र माझ्यापाशी बोलून गेली होती — मी तिच्या मुकाट बसण्याचं कौतुक करत होते ना, तर म्हणाली, ‘अहो, हात मोडला तेव्हाही रडली नाही. आमच्या डॉक्टरांनीसुद्धा शाबासकी दिली होती.’

काका, तुमचे डोळे असे का झालेत? दुखतंय? दुखायला नको, भूल दिलीय.

नाव मी सांगितलेलं नाही हं. प्लास्टर तुम्ही घातलंत, हेही मी बोलायचं नव्हतं. त्या बाईंनी दहादा बजावलं, तुम्ही गप्प बसा, मी विचारेन. पण गप्प बसणारी मी असते तर तुम्हाला आडवं केल्याबरोबर गाणी लावली असती. मला वाटलं, त्यांनी अचानक विचारलं तर तुम्ही पहिल्यांदा ‘चांगलं घर आहे’ म्हणाल. मी म्हटलं तसंच. म्हणून म्हटलं, तेवढं बोळे तोंडात असतानाच होऊन जाऊ दे.

झालं. बोळे काढते. चूळ भरा. नाही, मला काही सांगू नका, मी चुकीची माणूस आहे सांगायला. त्या बाई बाहेर बसल्यात, खिडकीजवळच्या खुर्चीत. ओठ अजून जड असतील, बोबडं बोलाल, चालेल त्यांना. मुलीजवळ वेळ थोडा आहे.

उठा. आणि जाताना पुढच्याला आत पाठवा.