सीटखालचा सुका मासा

दैगूच्या गॅरेजमध्ये सोह्यांग आपल्या गाडीची वाट पाहत बसली होती. मागच्या बाकावर एक म्हातारं जोडपं हळू आवाजात बोलत होतं.

"गाडी आपल्या नातवाला, युनसिकला, देऊन टाकतो. माझ्या पायाचा आता भरवसा नाही."

"अहो, तुम्ही ब्रेकच दाबला होता ना?"

"दाबला होता. तरी सुसाट सुटली. सगळे म्हणतात, म्हातारा ब्रेक समजून भलतंच दाबत होता. मलाही आता तसंच वाटायला लागलंय."

"नशीब, कोबीच्या ढिगात शिरली."

"आजोबा," मेकॅनिक आत आला, "ॲक्सिलरेटरवर हे घट्ट अडकून बसलं होतं. तुमचंच का?"

"अगंबाई! हा तर आपला सुका मासा! नव्या गाडीच्या पूजेला पांढरा दोरा गुंडाळून मीच सीटखाली ठेवला होता. तुमच्यावर संकट येऊ नये म्हणून हो!"

"आणि संकटाला नेमकी माझ्या पायाशी जागा दिलीस! ...म्हणजे माझा पाय बरोबर होता?"

"बरोबर होता, आजोबा. दाबून दाबून ब्रेक पार झिजवलात. नवे बसवलेत, घेऊन जा गाडी."

मागचा बाक करकरला. मग किल्ल्या खुळखुळल्या.

"चल, ऊठ. बाजारातून नवा मासा घेऊ."

"पुन्हा सीटखाली?"

"नाही गं. मुळा घालून सूप कर. गाडी मी चालवतो."