सत्त्याऐंशीनं भाग!

...आणि जेवायचं कुठे, मी म्हणते? मांडीवर! तुम्हाला सांगते, दोन वर्षं झाली, आमच्या जेवणाच्या टेबलावर जेवण सोडून सगळं आहे... रूळ आहेत, सिग्नल आहे, बोगदा आहे आणि डोळ्याला भिंग लावून ओणवे झालेले आमचे हे आहेत! जन्मभर खरं इंजिन चालवलं, निवृत्त झाले, म्हटलं आता तरी माणूस हाती लागेल... कसलं काय! टेबलावर आमच्याच गावचं जुनं स्टेशन बांधायला घेतलं. बरं, बांधा. पण खेळण्यासारखं नको, मापात हवं! विकतची छोटी गाडी म्हणे खरीपेक्षा सत्त्याऐंशी पट लहान, म्हणून खऱ्या वस्तूचं माप घ्यायचं आणि सत्त्याऐंशीनं भाग! दार? सत्त्याऐंशीनं भाग. बाकडं? सत्त्याऐंशीनं भाग. एकदा विचारलं, "अहो, पोळ्या किती करू?" तर... हो, तेच आलं तोंडातून!

मी आपली मदतीला गेले. रुळांखाली खडी हवी होती ना, डब्यातली मोहरी नेऊन पसरली. काय छान दिसत होती! तर हे भिंग वर करून म्हणतात कसे, "अगं, हा दाणा सत्त्याऐंशी पट केला तर काय होतो? भोपळा! भोपळ्यांवरून गाडी नेऊ मी?" राईचा पर्वत करणारे पुष्कळ पाहिले हो, राईचा भोपळा करणारा माझ्याच नशिबी!

तेही सोसलं. पण ऐका... त्या स्टेशनवर यांची गाडी थांबायची नाही. जलद गाडी! दिवसाआड, दुपारी चार दहाला धडधडत निघून जायची, आणि मी लग्न झाल्यापासून बावीस वर्षं पिवळी छत्री घेऊन फलाटावर उभी! कशाला? तर हे एक हात हलवायचे. चार सेकंदांचा संसार! आता टेबलावर हमाल आला, पाण्याचा नळ आला, लंगडं कुत्रंसुद्धा आलं... आणि मी? मी नाहीच! विचारलं, तर मान खाली घालून, "तुझं माप जमत नाहीये." बावीस वर्षं उभं राहून माझं माप जमेना! रडले मी. खोटं कशाला सांगू?

मग परवा सुईदोरा शोधायला यांचा खण उघडला. आत काडेपेटी. काडेपेटीत बायका! एक नाही, दोन नाही, चौदा! बोटाच्या पेराएवढ्या, आणि प्रत्येकीच्या हातात पिवळी छत्री.

पेटी यांच्यापुढे धरली. म्हटलं, "ह्या कोण?"

"तूच. चौदा वेळा भागलं गं. सगळ्या मापात आल्या, पण तुझ्यासारखी एक दिसेना. इंजिनातून मला आधी तू दिसायचीस... स्टेशन नंतर."

आता यावर भांडणार कसं? एवढंच म्हटलं, "मग नका ना भागू."

आज सकाळी उभी केली मला फलाटावर. मी पट्टी घेऊन बसले, आता मलाही खोड लागलीये, चार सेंटीमीटर गुणिले सत्त्याऐंशी... साडेअकरा फूट! हमाल माझ्या कमरेशी! आणि हे लांब जाऊन, एक डोळा मिटून म्हणतात, "आत्ता बरोबर!" मोहरीवरून दोन वर्षं माझा उद्धार करणारा माणूस हो हा! आणि एवढी मोठी केल्यावर छपराखाली मावते कुठली मी? फलाटाच्या टोकाला, भर उन्हात उभी केलीये...

असू दे. छत्री आहे.