अकरा एंटर

तेच सांगते ना भाग्यश्रीताई, पुस्तकाचं काम हातात घेतलं तवा मी देवीपुढं नवसच बोलले होते — दहाही व्रतं माझ्या हातानं टाईप करीन, आन् एकेक व्रत संपलं की अकरा वेळा तुझं नाव घेऊन अकरा वेळा एंटर दाबीन. पुस्तक छापून येईस्तवर दही खाणार न्हाई. म्हणून दर व्रताखाली ती जागा सुटलीय. तुम्ही म्हणता रिकामी हाय, काढून टाकू — आवो, रिकामी कशी? हसू नका. माळेचे मणी ओढतात, तसं माझं एंटर. आता लेकाच्या लॅपटॉपवर दर व्रत नव्या पानावर यायचं, आन् तुमच्या छपाईच्या दुकानातल्या कॉम्प्युटरवर शीर्षक एका पानाच्या तळाला लटकलंय, व्रत पुढच्या पानावर — त्याला मी काय करू?

रुपालीचा भाग बघितलात ना? माझी धाकटी जाऊ. नवरात्राला आमच्या महिला मंडळाचं वीस व्रतांचं पुस्तक निघायचंय, दहा तिची, दहा माझी. ती लग्नाआधी रांजणगावला कंपनीच्या ऑफिसात होती. तिचं काय — हेडिंग वन, हेडिंग टू, सगळी शीर्षकं एका मापाची, परिच्छेदांमधी सारखी जागा, आन् अनुक्रमणिका आपोआप! मी ती पट्टी लावून वहीत केली, मग पाननंबर एकेक टाकले. आमच्या अध्यक्ष सरूबाई तिची पानं छातीशी धरून म्हणाल्या, “कसं छापल्यावानी!” माझी बघून म्हणाल्या, “कष्ट घेतलेत हो.” कष्ट! पोरगी दिसायला कशी विचारलं तर ‘स्वभावानं गरीब हाय’ म्हणतात ना, तसं. वर म्हणाल्या, उद्यापर्यंत एकसारखं झालं न्हाई तर तुमचीबी दहा रुपालीच करंल. म्हंजी पुस्तकावर नाव तिचं एकटीचं. न्हावऱ्यावरनं दोन गाड्या बदलून केडगावला आले ती उगंच न्हाई.

शिकवायला आली होती हो ती. “आक्का, शीर्षकावर क्लिक करा, वर स्टाईल निवडा, बास.” मीच म्हणाले, तुझं झटपट तुला लखलाभ, माझं व्रत हाय. चहा तसाच ठेवून गेली. वाईट वाटलं असंल — वाटू दे म्हणलं.

काय? नाव कुठलं घ्यायची? देवीचंच की. म्हंजी — पहिल्या दोन-तीन व्रतांना देवीचंच. पुढं पुढं एंटर दाबायची आन् तोंडात यायचं, तिच्यापरीस चांगलं होऊ दे. मग, तिचं बिघडू दे. सासूबाई आता तिच्याच हातची भाकरी मागतात, ठाऊक हाय? हरतालिकेच्या पानाखाली तर अकराच्या अकरा — रुपाली, रुपाली, रुपाली...

म्हंजी ती जागा देवीची न्हाईच की.

काढा, ताई. सगळी काढा. तुम्ही म्हणता तशी शीर्षकाला वर बारा, खाली सहा पॉइंट जागा द्या, काय ते. थांबा, थांबा — एकदम निवडून पुसू नका. एकेक खोडा. मी बोलले होते तसा तुम्हीबी एवढा एक नेम धरा माझ्यासाठी — दर एंटर खोडताना देवीचं नाव घ्यायचं. मनातल्या मनात. आन् मधीच रुपालीचं आलं, तर तिचं चांगलं मागा.

करा सुरू. मी बोलत न्हाई आता.