लाल ठिपक्याचा कप

तृप्ती : आई, उठ वं तिथून. पायरीवर काहून बसली? एवढी मोठी खुर्ची आहे ना.

धुरपता : बसू दे. इथून नदी चांगली दिसते. आपल्या कारध्याचा जुना पूलही दिसते.

तृप्ती : खुर्चीतूनही दिसते. त्या खुर्चीत बसवालेच तुले नागपूरवरून आणलं. शेवंताआजी जल्मभर या बंगल्याचा कोठा झाडत राहिली, तू तिच्या मागं शेण उचललं. आज आपण इथं खोलीचं भाडं भरून पाहुण्या आहो, आई. पुढच्या दारानं आलो.

धुरपता : तू हात धरला म्हणून. माये पाय तर मागच्या दाराकडंच वळले होते. गोंदिया जिल्हा वेगळा झाला त्या साली माय गेली. तवापासून या वाटेनं आलोच नाही, तरी पायाईले बराबर आठवते.

रुचिका : अगंबाई! आजी, पायरीवर नका बसू, गार आहे ती. या, खुर्चीत बसा. चहा आणलाय. आणि तुमच्यासाठी खास कप काढलाय हं!

तृप्ती : जुना दिसते.

रुचिका : खूप जुना! मी लग्न होऊन पुण्याहून आले, तेव्हा मागचा गोठा पाडून पाहुण्यांसाठी खोल्या बांधत होते. भिंतीतल्या कोनाड्यात हा उपडा ठेवलेला सापडला. कान तुटलाय, काठाचा टवका उडालाय, पण फुलं बघा ना किती नाजूक. आणि तळाला हा लाल ठिपका. कंपनीची खूण असणार. काचेच्या कपाटात ठेवते एरवी. कुणी वयस्कर पाहुणे आले की मानानं यातच चहा देते.

धुरपता : घरचे पेतात का याच्यात?

रुचिका : मी पिते की. बाबांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, मधुकररावांना, कितीदा दिला. हातच लावत नाहीत. म्हणतात, यात चहा लवकर गार होतो. घ्या तुम्ही, मी पोहे टाकून येते.

(रुचिका आत गेली. धुरपतानं एक घोट घेतला. ओठ टवक्यावर अडखळला, आणि कप तिच्या हातातच राहिला.)

तृप्ती : काय झालं? साखर कमी आहे?

धुरपता : साखर बराबर आहे. तृप्ती, हा आमचा कप होय.

तृप्ती : आमचा म्हणजे?

धुरपता : माया मायचा आन् माया. कोठ्यातल्या देवळीत राहे. मालकीणबाई वरून चहा ओते, आम्ही पेवो, आम्हीच धुवो, आन् उपडा करून ठेवो. कान तुटला तवाच तर आमच्या वाट्याले आला.

तृप्ती : असे कप घरोघरी होते, आई. हाच कशावरून?

धुरपता : ठिपक्यावरून. पोळ्याले बैलाच्या शिंगाईचा रंग उरला होता. बाईनं मधुकररावाले सांगतलं, याच्या बुडाले लाव, घरातल्या कपाईत मिसळाले नको. तो तवा माया एवढाच पोरगा. त्यानं बोट बुडवून लावला आन् मले दाखवला. हासत.

तृप्ती : आन् तू?

धुरपता : मीही हासलो. मले वाटलं, आमच्या कपाले सजवलं.

तृप्ती : दे इकडं. नदीत फेकतो मी. आन् त्या सुनबाईले सारं सांगतो.

धुरपता : तिले काय माहीत? तिनं चांगल्या मनानं देला. पण त्याले माहीत आहे ना! गार होते म्हणे. स्वतः तोंड लावत नाही, आन् सून जगाले मानाचा कप म्हणून पाजते, तर तिले एका शब्दानं सांगत नाही. याचा राग येते मले. लय राग येते.

तृप्ती : मी तुले मानानं बसवाले आणलं, आन् फिरून तोच कप हातात आला. चाल, घरी जाऊ.

धुरपता : जाऊ. नळ कुठं आहे?

तृप्ती : आई, तू कायले धुते आता?

धुरपता : धुऊ दे. तू बॅग घे.

रुचिका : अहो आजी, कप कशाला धुतलात? आणि असा बाबांच्या खुर्चीत उपडा... बॅग का घेतली? माझं काही चुकलं का?

धुरपता : तुमचं नाही चुकलं, बाई. मधुकरराव कवा येतात?

रुचिका : येतीलच आता, रोज संध्याकाळी इथेच बसतात. तुम्ही ओळखता बाबांना?

धुरपता : ओळखतो. कारध्याचीच आहो मी.

रुचिका : मग थांबा ना, भेटूनच जा. किती आनंद होईल त्यांना.

धुरपता : नाही. निरोप द्या. शेवंताची धुरपता आली होती म्हणा. पुढच्या दारानं.

रुचिका : बरं. एवढंच सांगू?

धुरपता : आन् कप धुऊन ठेवला आहे म्हणा.