दोघींचं एक नाक

हॅलो?… कोण?… धाकटे! अगं, आहेस कुठे तू? मोबाइल बंद करून… मैत्रिणीकडे? तू तिकडे खुशाल चहा पितेयस, आणि इकडे तुला पोलिसांनी धरलं!… तुला म्हणजे मला!

नाही गं, कोठडीत नाही, घरीच आहे. अगं ऐक ना! सकाळी भाजीला गेले. बाजाराच्या तोंडाशी पोलिसांची गाडी, वर कॅमेरा. येणाऱ्या-जाणाऱ्यांचे चेहरे बघतो म्हणे, आणि कोणी हवं असलेलं दिसलं की ओरडतो. मला बघून जो केकाटला! दोघी पोलीस धावत आल्या. 'आजी, घाबरू नका, तुम्ही सापडलात!'… अगं, मी हरवले कधी होते?

तुझ्या मुलानं काल तक्रार दिली ना, आई हरवली म्हणून! फोटोसकट… हो, तुझाच. पण आपल्या आईचं नाक दोघींना सारखंच आलंय, यंत्राला काय कळणार?… हसू नकोस! साखरेची बरणी तू फोडायचीस, धपाटा मला. सत्तर वर्षं झाली, तेच चाललंय!

हो, हो… खुर्ची दिली, पाणी दिलं. शेजारीच एक मुलगी मोबाइलवर लोकांची मतं नोंदवत उभी. 'आजी, हे कॅमेरे पसंत आहेत का?' म्हटलं, रस्त्यावर असू देत, पण त्यांना आधी माणूस ओळखायला शिकवा. आणि पलंगावर रोखलेला मुळीच नको! ती म्हणते, असा पर्यायच नाही… मग काय, म्हटलं, हो आणि नाही, दोन्ही दाब!

माहीत आहे गं. लेकानं तुझ्या खोलीत कॅमेरा लावला, आणि तू कॅमेऱ्याला कानटोपी घालून निघालीस. शाब्बास! पण सांगून जायचं ना… परत जाणार नाही? असं नको म्हणूस. तू बाथरूममध्ये घसरलीस तेव्हापासून धास्तावलाय तो… हो, विचारायला हवं होतं. मीही तेच सुनावलं त्याला… कधी काय? आत्ताच! समोर बसलाय. आई सापडली म्हणून पोलिसांनी बोलावलं, धावत आला, बघतो तर मावशी! एवढा मोठा बाप्या, भर बाजारात रडला गं.

कॅमेरा?… घरी जाऊन काढून आणलाय. माझ्या टेबलावर आहे, तुझ्या टोपीसकट… नाही, पुन्हा नाही लावणार. मी आहे ना!

काय?… नीट बोल… येऊ दे म्हणतेस? अरे, ऊठ, ये म्हणाली!… अगं, निघालासुद्धा! पत्ता न घेताच! ठेव, ठेव फोन… अरे थांब, आता तू हरवशील!