लीलची मेट्रो आणि माझा सोमवार

आजच्या निरोप समारंभाच्या अध्यक्ष शैलजाताई, व्यासपीठावरचे प्रमुख पाहुणे गुरुनाथकाका, नेपरव्हिलच्या आपल्या मराठी मंडळाचे कार्यकर्ते, आणि एवढ्या बर्फातून गाड्या काढून आमच्यासाठी आलेल्या मंडळींनो, सर्वांना आश्लेषाचा नमस्कार.

नंदूभावजींनी आत्ता माइकवरून पुकारलं, "वहिनी, दोन शब्द." आपल्याकडे नवऱ्याचा सत्कार झाला की बायकोला दोनच शब्द मिळतात, आणि ते कुठले हेही ठरलेलं असतं. मीही आभार मानून बसणार होते. पण मघाशी शैलजाताईंनी माझी ओटी भरली आणि मनात आलं, म्हणजे आता खरंच निघायचं?

अनीशचं भाषण तुम्ही ऐकलंत. फ्रान्समधल्या लील शहरात रबरी टायरवर धावणारी मेट्रो आहे, तिच्या सॉफ्टवेअरचं काम त्याला मिळालंय. फार मोठी गोष्ट आहे, मला अभिमान आहे. गेले दोन महिने आमच्याकडे जेवताना तीच मेट्रो असते. चढ सहज चढते, आवाज कमी, ड्रायव्हर नाही! एकदा मी विचारलं, टायर आहेत तर मग ती कुठेही वळू शकते का? तो हसला. "छे गं, दोन्ही बाजूंना दांड्या असतात. त्या नेतील तिकडेच जायचं." मी पोळी लाटत राहिले. वाटलं, हिला मी ओळखते.

मी नागपूरला फिजिओथेरपिस्ट होते, हे इथे किती जणांना माहीत आहे? काका, संकोचू नका, मी कधी सांगितलंच नाही. इथे अमेरिकेत आले ती नवऱ्याच्या व्हिसावर, डिपेंडंट म्हणून. लेक, सिया, शाळेतून येईपर्यंत खिडकीत बसायचं आणि रस्त्यावरचा बर्फ सारणारे स्नोप्लाऊ बघायचे. मग कामाची परवानगी मिळाली. परीक्षा दिली, नापास झाले, रडले, परत दिली. माझं लायसन्स आणि लीलची ऑफर एकाच आठवड्यात आली. पेढे एकाचेच वाटले गेले.

येत्या सोमवारी क्लिनिकमध्ये माझा पहिला दिवस आहे. आणि सोमवारीच अनीश इथल्या नोकरीचा राजीनामा देणार आहे. हो, अजून दिलेला नाही. हॉल हळदीकुंकवासाठी बुक होताच, म्हणून मंडळाने निरोपही आजच उरकून घेतला! त्याने नोकरी सोडली की त्याचा व्हिसा जाणार. त्याचा गेला की माझाही, आणि त्याच्याबरोबर माझी परवानगी. तिकडेही काम करता येतं म्हणे. पण ज्या पेशंटला 'कुठे दुखतंय' एवढंही मला त्याच्या भाषेत विचारता येत नाही, त्याला मी हात कसा लावू? परत खिडकी, फक्त बाहेरचा रस्ता वेगळा.

माणूस वाईट नाही हो. माझ्या परीक्षेच्या दिवसांत डबे त्यानेच केले. म्हणून तर जास्त कोंडी होते. धड भांडताही येत नाही.

काल सिया म्हणाली, "आई, डिड यू से येस?" म्हटलं, बाळा, मला कोणी विचारलंच नाही. ती म्हणाली, "देन से समथिंग." म्हणून बोलले.

शैलजाताई, तुम्ही मायेने भरलेली ओटी मी मनापासून घेतली आहे. तुमचा निरोप मात्र आज घेत नाही. मंडळाने इतकं प्रेम दिलं त्याबद्दल सर्वांची ऋणी आहे. समारंभाचा बेरंग झाला असेल, कुणाचा मान राखायचा राहिला असेल, तर धाकटी समजून पोटात घाला. मसालेभात गार होतोय, आधी जेवून घ्या.

आणि अनीश, गाडीची किल्ली माझ्या पर्समध्ये आहे. घरी जाताना मी चालवणार. तू शेजारी बस, आणि मला विचार.